मर्लच्या फळीवरचं पत्र

आपल्या दुकानात मर्लने बंदुकीचा बोल्ट काढून खिशात टाकला आणि बंदूक ऑर्व्हलच्या हातात दिली. "धर. पाच पौंड. तुझं मांजर याहून जड असेल."

ऑर्व्हल स्ट्राउड हसला आणि लगेच खोकू लागला. खोकला थांबेपर्यंत त्याची बायको लव्हॉन काडतुसांच्या खोक्यांकडे पाहत राहिली.

वायोमिंगच्या त्या गावात डोंगरी मेंढ्याच्या शिकारीचा परवाना निघणं म्हणजे लग्नाहून मोठी गोष्ट. सोडतीत मोजकीच नावं निघत. हुकलेल्या प्रत्येक वर्षाचा एक गुण जमा होई, आणि गुण वाढतील तशी आशा वाढे. कुणाचं नशीब मात्र पहिल्याच वर्षी उघडे. गेल्या साली शाळेतल्या नव्या मास्तरणीचं उघडलं, तेव्हा ऑर्व्हल आठवडाभर कुणाशी बोलला नव्हता. त्याची अर्ज करण्यात सव्वीस वर्षं गेली होती. दर जानेवारीत लव्हॉन अर्ज भरी, तो सही करी, आणि ती पाकीट घेऊन पोस्टात जाई. दर मे महिन्यात ती टपालपेटीपासून रिकाम्या हाताने परते आणि त्याच्या आवडीचा सफरचंदाचा केक करी.

पहिल्या अर्जाच्या आदल्या वर्षी त्याचा धाकटा भाऊ ड्वेन मेंढ्यामागे हॅचेटच्या कड्यावर गेला होता. तो सापडला जूनमध्ये, बर्फ वितळल्यावर. बूट लव्हॉननेच ओळखले. तरी 'जाऊ नकोस' असं ती नवऱ्याला एकदाही म्हणाली नाही. गावात तिच्या या धीराचं कौतुक होतं.

यंदाच्या जानेवारीत डॉक्टरांनी फुप्फुसांचे फोटो उजेडात धरले आणि सांगितलं, डोंगर विसरा, गोठ्यापर्यंत चाललात तरी पुष्कळ. त्याच आठवड्यात ऑर्व्हलने सवयीने सही केली आणि लव्हॉन पोस्टात गेली. मे महिन्यात पत्र आलं. त्याला पलीकडच्या उतारावरचं वासरू ओळखता येई, पण हातातलं अक्षर दिसत नसे, आणि चष्म्याचं वावडं. पत्र तिनेच वाचून दाखवलं. वाचता वाचता तिला रडू कोसळलं. तो तिला थोपटत राहिला.

तो जाणार होता. वर मेलो तर तिथेच राहू दे, असं त्याने जेवताना सांगून टाकलं होतं. हा एकच हंगाम त्याच्यापाशी उरला होता. ओझं कमी व्हावं म्हणून त्याने दात घासायच्या ब्रशचा दांडासुद्धा अर्धा कापला होता.

मर्लने बंदुकीवर बसवायच्या दोन दुर्बिणी मांडल्या. एक तेरा औंसांची, दुसरी सत्तावीस. हलकी घेतली तर चढ झेपेल, जड घेतली तर दूरचं लख्ख दिसेल. दुसऱ्यांदा नेम धरायचा दम ऑर्व्हलमध्ये नव्हता.

दुकानाची एक रीत होती. मागच्या अंगणापलीकडे, तीस पावलांवर, गवताच्या कोठाराला एक फळी होती. ज्याचा परवाना निघे त्याचं पत्र आठवडाभर तिथे लागे, आणि दुर्बिणीची परीक्षाही त्याच पत्रावर होई. तळची ओळ वाचता आली तर काच खरी.

मर्लने पत्र मागितलं. लव्हॉन म्हणाली, घरी राहिलं. ऑर्व्हलने ते शर्टाच्या खिशातून काढलं. मे महिन्यापासून ते तिथेच होतं.

"घडीवर फाटेल रे," ती म्हणाली.

खिळा ठोकून झाल्यावरही मर्ल फळीपाशी जरा वेळ उभा राहिला. परतला तेव्हा त्याची थट्टा संपली होती. जड दुर्बीण तो कापडात गुंडाळू लागला. "हलकीच घे, ऑर्व्हल. तुझ्या दमाला तीच बरी."

"बघू तर दे दोन्ही."

हलकीतून स्वतःचं नाव दिसलं. त्याखाली नुसती मुंग्यांची रांग.

"झालं की," लव्हॉन म्हणाली. "हीच घेऊ. चल घरी."

"अगं, माझं पत्र मी पहिल्यांदाच वाचतोय. घाई कसली?"

मर्लने कापड सोडून जड दुर्बीण बंदुकीवर बसवली. ऑर्व्हलने बंदूक वाळूच्या पिशवीवर टेकवली, गाल दस्त्याला लावला आणि श्वास सांभाळत एकेक ओळ मोठ्याने वाचू लागला. त्याचं नाव. हॅचेट विभाग. नर मेंढा, एक. लव्हॉनचा हात त्याच्या खांद्यावर होता. तो हात हळूच निघून गेला.

तळाशी बारीक अक्षरांत आणखी एक ओळ होती. त्याने दुर्बिणीची चकती थोडी फिरवली, आणि अक्षरं लख्ख झाली.

'यापूर्वीचे अर्ज : एकही नाही. जमा गुण : शून्य.'