दहाला पाहुणे, बाराला बँक

"पोहे मोकळे कर, गोळा नको," वसंतराव स्वयंपाकघराच्या दारातून तिसऱ्यांदा म्हणाले, आणि शिल्पानं तिसऱ्यांदा मान डोलावली.

सकाळपासून वसंतरावांचा जीव टांगणीला लागला होता. एकाच शनिवारी दोन माणसं घर बघायला येणार होती. दहाला निलंग्याचे पाहुणे, म्हणजे शिल्पाला सांगून आलेल्या मुलाचे मामा. बाराला बँकेचे साहेब, घराची किंमत लावायला. दोघांनाही त्यांनी कधी पाहिलेलं नव्हतं. फोनवर त्यांना नीट ऐकू येत नसे, त्यामुळे दोघांशी शिल्पाच बोलली होती आणि वेळाही तिनंच ठरवल्या होत्या. मध्ये दोन तास ठेवण्याची अक्कल तिला सुचली, हे नशीबच.

कारण दोघांपुढं बोलायचं होतं अगदी उलट. निलंग्याच्या लोकांची मागणी काहीच नव्हती, असं मध्यस्थ सांगत होता. फक्त मुलीच्या अंगावर बारा तोळे आणि नांदेडात चांगल्या हॉलमध्ये लग्न. यालाच मागणी नाही म्हणतात! त्यासाठी वसंतराव घर तारण ठेवणार होते. पण कर्ज मिळत होतं घरदुरुस्तीच्या नावावर.

"काका, साहेबांपुढं लग्नाचा ल काढू नका," बँकेत ओळखीचा असलेल्या आनंदराजनं बजावलं होतं. "पैसा लग्नात चाललाय म्हणून कळलं की फाईल बंद."

शिल्पानं आठवडाभर डोकं खाल्लं होतं. "आईनं ब्लाउज शिवून शिवून हप्ते फेडले या घराचे. मी गेल्यावर पुन्हा हप्ते कोण भरणार? तुम्ही, पेन्शनीतून? अन् न्हाई जमलं तर या वयात राहणार कुठं?"

"लग्न तुझं हाय, काळजी माझी हाय. तू मधी पडू नको," वसंतरावांनी तिला झटकून टाकलं होतं. गुरुवारपासून मात्र ती गप्प झाली होती. पोरगी समजूतदार झाली, असं त्यांना वाटलं.

बरोबर दहाला बेल वाजली. शिल्पानं दार उघडून माणसाला बैठकीत आणलं. चाळिशीचा, हातात फाईल, चेहऱ्यावर हसू नाही. पाण्याचा एक घोट घेतला आणि सरळ उठून घरच बघायला लागला. भिंतीवर टकटक केली, पावलांनी खोल्या मोजल्या, मोबाईलवर फोटो काढले. शिल्पा समोर उभी होती, पण तिच्याकडं ढुंकून पाहिलं नाही. मुलगी बघायला आलाय की घर विकत घ्यायला, वसंतराव मनात चरफडले.

"घर कोणाच्या नावावर?"

"माझ्या एकट्याच्या. वाटेकरी कोणी न्हाई. पोरगी एकुलती एक."

"छत गळतंय. दुरुस्ती करणार ना?"

"बघू की. पोहे घ्या ना."

"नको. अजून दोन ठिकाणी जायचंय."

अजून दोन ठिकाणी! म्हणजे आणखी दोन मुली बघणार. आता हात आखडून चालणार नव्हतं.

"हे बघा, दुरुस्ती-बिरुस्ती नुसती कागदावर हाय," ते खुर्ची पुढं ओढून म्हणाले. "घरावर कर्ज काढतोय. एक न् एक रुपया लग्नात घालणार. बारा तोळे म्हणलं तर बारा तोळे. छताला हात लावणार न्हाई मी, गळू दे."

माणसानं चष्म्यावरून त्यांच्याकडं पाहिलं. "सगळं लग्नालाच?"

"सगळं! देवाशपथ."

माणसानं फाईलमध्ये काहीतरी लिहिलं, "बरं झालं सांगितलंत," म्हणाला आणि निघून गेला. वसंतरावांनी सुटकेचा निःश्वास सोडला. निलंग्याची माणसं तोऱ्यातली, पण गोष्ट पटली होती.

बाराला दुसरे आले. वयस्कर, इस्त्रीचा सदरा, खिशाला दोन पेनं. हे मात्र सोफ्यावर असे ऐसपैस बसले, की उठायचं नावच नाही. शिल्पानं उरलेले पोहे पुढं ठेवले. ते एक बशी खाऊन दुसरीही मागू लागले. फुकटचं मिळालं की साहेब लोकांना किती भूक लागते, वसंतराव वैतागून बघत राहिले.

"पोरगी काय करते?"

"खासगी शाळेत शिकवते." घरात कमावतं कोण, हे बँक विचारणारच.

"पोहे झ्याक केलेत. मग लग्नाचं काय योजलंय तुम्ही?"

आला! आनंदराज म्हणाला होता तोच फास. वसंतराव ताठ बसले.

"लग्न? या घरात लग्नाचा विषयच न्हाई."

पोह्यांचा चमचा अधांतरी थांबला. "विषयच न्हाई?"

"न्हाई. लग्नावर मी एक रुपया घालणार न्हाई. सोनं न्हाई, हॉल न्हाई, काही न्हाई. जो पैसा येईल तो या भिंतींत जाणार. लिहून घ्या हवं तर."

"अहो, मग मला बोलावलं कशाला?"

काय हे बोलणं! वसंतरावांचा पारा चढला, पण कर्जाची गरज होती. "घर बघायला!" ते कसेबसे म्हणाले.

म्हातारबुवांनी बशी टीपॉयवर आपटली. चपला पायात सरकवत ते दारापर्यंत गेले आणि रागानं लाल होऊन वळले.

"बघितलं घर. येतो. एकची निलंगा गाडी तरी गाठू द्या."

वसंतराव खुर्चीचा हात धरून उभेच राहिले. शिल्पानं शांतपणे दाराला कडी लावली आणि टीपॉयवरची बशी उचलली.

"घर वाचलं, बाबा," ती म्हणाली. "जेवायला वाढू?"