पापनाशमची अक्का

डॉक्टर शंकरनारायण यांनी पडद्यावरच्या चित्रावर पेनाचं टोक ठेवलं. मेंदूतल्या धमनीला वाटाण्याएवढा फुगा आला होता. फुटला, तर माणूस दवाखान्यापर्यंत पोचेलच असं नाही. पण कवटी उघडायची गरज नाही, ते तमिळमध्ये समजावत होते. मांडीतल्या धमनीतून बारीक नळी वर न्यायची, प्लॅटिनमच्या तारेची वेटोळी फुग्यात भरायची, की रक्त आत शिरायचं थांबतं.

फुगा विजयलक्ष्मीच्या डोक्यात होता. प्रश्न मात्र सगळे तिचा नवरा चंद्रमौली विचारत होता.

मग डॉक्टरांनी विचारलं, घरात आणखी कुणाला असं झालंय का? आई, बहीण, भाऊ? असेल तर मुलांचीही तपासणी करून घेतलेली बरी.

चंद्रमौली हसऱ्या तोंडाने बायकोकडे वळला आणि घरच्या मराठीत बोलू लागला. तमिळनाडूत, कुंभकोणमात पिढ्यान्‌पिढ्या राहिलेल्या त्यांच्या मराठी माणसांची ही जुनीच खोड. परक्यासमोर जे लपवायचं, ते मराठीत.

"पापनाशमच्या अक्काचं सांगूं नको. हार्ट अटॅक म्हण. पुढल्या महिन्यांत कीर्तिचं लग्न. त्या मंडळींना कळलं तर अस्कं, सगळंच मोडेल."

अक्का, विजयलक्ष्मीची पापनाशमला दिलेली थोरली बहीण, स्वयंपाकघरात डोकं धरून कोसळली, तेव्हा तिला उचलून रिक्षात घालणारा हाच. दोघी बहिणींची आईही तशीच गेली, तेही याला ठाऊक. आणि पोटच्या पोरीच्या डोक्यात काय आहे ते बघायचं नाही, लग्न तेवढं थाटात लावायचं! विजयलक्ष्मीच्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. अठ्ठावीस वर्षं आपणही अशाच मराठीला माना डोलवत आलो, याचा राग त्याहून मोठा होता.

काय म्हणतात या, डॉक्टरांनी विचारलं. आठवून बघतेय, असं चंद्रमौलीने तमिळमध्ये ठोकून दिलं आणि टेबलाखालून तिचा हात दाबला.

तिने हात सोडवून घेतला. खुर्ची डॉक्टरांकडे फिरवली आणि दाराबाहेर ऐकू जाईल अशा आवाजात, स्वच्छ तमिळमध्ये बोलली.

"माझी बहीण अशीच गेली, डॉक्टर. डोकं धरून पडली ती उठलीच नाही. आईसुद्धा. हे आत्ता मला तेच सांगू नको म्हणत होते. माझी मुलगी बाहेर बसली आहे. माझ्या ऑपरेशनची तारीख मग ठरवा. आधी तिला आत बोलवा."