तांडेलाचा गुडघा

म्हाताऱ्या तांडेलाचा रेडिओवरच्या हवामानाच्या अंदाजावर काडीचा विश्वास नव्हता. "पंख्याखाली बसणाऱ्यांना समुद्राचा वारा काय कळणार?" म्हणत तो आपला उजवा गुडघा थोपटायचा. सकाळी गुडघा ठणकला की धक्क्यावरची एकही होडी दोर सोडत नसे. एकवीस वर्षांत तो गुडघा एकदाही चुकला नव्हता.

तांडेलाची बायको लेकीच्या बाळंतपणाला निघाली, तेव्हा तिने सुनेला स्वयंपाकघरात बोलावून तेलाची बाटली हातात दिली.

"रेडिओ पिठाच्या डब्यामागे आहे. ह्यांना उठवायच्या आधी बातम्या ऐकायच्या, आवाज बारीक ठेवून. समुद्र शांत सांगितला तर गुडघ्याला हलक्या हाताने तेल चोळायचं. वारा वाढणार म्हणाले, तर इथे, वाटीच्या खाली, अंगठा रुतवायचा."

"आणि वादळाचा इशारा दिला तर, आई?"

बाहेर तांडेल नेहमीप्रमाणे सुनेच्या चहाला नावं ठेवत बसला होता. सासूबाईंनी क्षणभर ते ऐकून घेतलं.

"तर मग लग्न झाल्यापासून मनात जे काही साचलंय ना, ते सगळं त्या अंगठ्यात उतरव. मी तेच करत आले."