काचघरातला कढीपत्ता

कढीपत्त्याच्या शेंड्याचं एक पान टोकाला काळं पडलं होतं, फार तर दोन मिलिमीटर. बाहेर कॅनडातली उणे वीस अंशांची थंडी होती, पण वृंदाच्या परसातल्या काचघरात थर्मोस्टॅट ठामपणे अठरा दाखवत होता.

"आकडा बरोबर आहे," ती म्हणाली. आयुष्यभर उष्णतेचं शास्त्र शिकवलेली बाई दुसरं काय म्हणणार?

"मग माझे दात का वाजतायत?" नवऱ्याने टोपी कानांवर ओढली. "अगं, तो थर्मोस्टॅट तू हीटरच्या डोक्यावरच टांगलायस! त्याला ऊब लागली की हीटर बंद. झाड बसलंय कुडकुडत."

तिथे आयता खिळा होता, म्हणून टांगला होता. हीच चूक एखाद्या विद्यार्थ्याने केली असती, तर तिने त्याला वर्षभर टोमणे मारले असते.

झाड दिवाणखान्यात ठेवू, असं नवरा दिवाळीपासून सांगत होता. मग एवढं काचघर बांधलं कशाला, असं तो विचारेल म्हणून ती टाळत आली होती. आता मात्र काचघर तापेपर्यंत थांबलं असतं, तर तिने बी रुजवून वाढवलेलं झाड हातचं गेलं असतं.

"हसायचं ते नंतर हसा," ती म्हणाली. "आधी कुंडी त्या बाजूने धरा. झाड घरात न्यायचंय."