पेट्रोल का येत नाही

चंद्रहासने दोरी पुन्हा ओढली. इंजिन नुसतं घरघरलं आणि गप्प झालं.

"चोक ओढलायस ना रे?"

"हो बाबा," शार्दूल म्हणाला. त्याची नजर मोबाइलवरच होती.

गॅरेजच्या दारात चहा घेऊन उभ्या असलेल्या स्नेहलताला वाटलं, आता पुरे. नवऱ्याचा खांदा निखळायची वेळ आली, लेकाचं तोंड उतरलं, आणि त्या धुडाला मात्र त्याचं काही नाही.

शार्दूल न्यूझीलंडमध्ये साउथ आयलंडच्या डोंगरांवर पर्यटकांचं सामान बर्फातून वाहायचा. चार हिवाळ्यांपूर्वी ही स्नोमोबाइल, म्हणजे बर्फावरून पळणारी गाडी, त्याच्यासकट उतारावरून घरंगळली. मांडीत सळई घालून पोरगा हॅमिल्टनला आईबापाकडे परतला, मागोमाग ट्रेलरवरून हे धूड आलं आणि ताडपत्रीखाली पडून राहिलं. आता जुन्या बॉसने पुन्हा बोलावलं होतं. स्वतःची गाडी घेऊन ये, एवढीच अट. उद्या, सोमवारी निघायचं होतं.

आयटीतली नोकरी सोडून शार्दूलने डोंगर धरला तेव्हा चंद्रहास त्याच्याशी वर्षभर बोलला नव्हता. त्याची भरपाई म्हणून की काय, आता तोच इरेला पेटला होता. पुण्यात स्कूटर बंद पडली तरी ढकलत मेकॅनिककडे नेणारा हा माणूस, इथे म्हणाला, मेकॅनिक नको, मीच करणार. त्याने ढीगभर व्हिडिओ पाहिले. सगळे एकच सांगत होते: गाडी वर्षानुवर्षं उभी राहिली की पेट्रोलचा चिकटा होतो आणि कार्बोरेटरची बारीक भोकं बुजतात. मग काय, दर सुट्टीला कार्बोरेटर सोडवायचा, तारेने भोकं कोरायची, ‘ते रापा’ या उपनगरातल्या दुकानातून नवा प्लग आणायचा. कार्बोरेटर पूजेच्या तांब्यासारखा लखलखायला लागला, पण त्यात पेट्रोल काही येईना. तोवर चंद्रहास घामाघूम झालेला असायचा. नळ्या परत जोडायचं काम शार्दूल करायचा.

पेट्रोल का येत नाही, ते स्नेहलताला ठाऊक होतं.

ताडपत्री काढली त्या दिवशी तिने गाडीची पूजा केली होती. हळदकुंकू वाहिलं, दारात नारळ फोडला. निरांजन लावायला गेली तर चंद्रहास ओरडला, पेट्रोलजवळ ज्योत नको. तेव्हा तिने न पेटवताच ओवाळलं. ओवाळताना तिला हॉस्पिटलमधला शार्दूल आठवला, आणि समोर टाकीकडून आलेली सुटी नळी दिसली. दोघांची पाठ वळताच तिने तुपातली फुलवात उचलून त्या नळीत कोंबली आणि देवाची माफी मागितली.

आज चंद्रहास उलट्या बादलीवर बसला आणि बराच वेळ उठलाच नाही.

"उद्या नाही निघाला तर ते दुसरा माणूस घेतील, स्नेहा," तो म्हणाला. "एकदा मी त्याच्या आड आलो होतो. आता हातभार लावायला गेलो, तर तेही जमत नाही."

स्नेहलताला स्वतःची लाज वाटली. पोराच्या काळजीपोटी आपण या माणसाला किती राबवलं! तिने त्याला खांदा शेकायला गरम पाण्याच्या शॉवरखाली पाठवलं. शार्दूल मागच्या अंगणात फोनवर बॉसला "स्वीट अ‍ॅज", म्हणजे एकदम मस्त, असं म्हणत होता. तिने नळी ओढून काढली आणि केसातली पिन आत घातली. पिन बरीच आत गेल्यावर कुठे वात हाताला लागली. ती निघताच बोटांवर पेट्रोल ओघळलं. जा बाबा, सुखरूप राहा, असं पुटपुटत तिने डोळे पुसले.

वळली तर दारात शार्दूल.

"माझं चुकलं रे," ती म्हणाली. "मीच घातली होती. आता होईल सुरू. बाबांना बोलाव."

शार्दूल रागावला नाही. त्याने आतल्या शॉवरचा आवाज ऐकला, मग जवळ येऊन तिच्या तळव्यावरची वात उचलली.

"ही सैल बसते, आई," नळीत ती परत सारत तो हळूच म्हणाला. "दर वेळी मीच आत ढकलतो."