पिवळ्या मेणाचे ठिपके

जांभळीला औषधालासुद्धा एक फूल नव्हतं.

बाई अंगणात उभ्या होत्या, आणि त्यांच्यामागे इमारतीची अख्खी कमिटी. तसं ते लायलॅकचं झुडूप, पण फुलांच्या रंगावरून सगळे त्याला जांभळीच म्हणत. दोन वर्षं ती रुसली होती. म्हणून ठराव झाला होता: यंदाच्या वसंतात फुलली तर राहील, नाहीतर बुंध्यापासून कापून तिथे एक गाडी उभी करायची. आणि गाड्यांच्या यादीत पहिला नंबर बाईंच्याच मुलाचा होता.

बाईंना त्याची फिकीर नव्हती. थंडीच्या तोंडावर प्रत्येक शेंड्यावर कळ्या टरारलेल्या त्यांनी स्वतः पाहिल्या होत्या. म्हणून तर सगळ्यांसमोर छातीठोकपणे शब्द दिला, झुडूप मुलाच्या हवाली केलं आणि मोतीबिंदू काढायला लेकीकडे गेल्या. त्या परतल्या त्या काल रात्री.

"पानंच पानं आहेत हो, बाई," सेक्रेटरी म्हणाले. "आम्हाला काय, फुलली असती तर आनंदच होता."

"शेंडे छाटलेत कुणीतरी. ऐन थंडीत."

"मग चांगलंच की! छाटलं की जोमाने फुटतं."

"गुलाब फुटतो. हिच्या कळ्या आदल्या उन्हाळ्यातच धरतात. फुलं सरली की लगेच काय ती छाटायची, मग वर्षभर हिला कात्री दाखवायची नाही. थंडीत शेंडा कापला की त्या वर्षीचा बहर गेलाच म्हणून समजा."

"माळीमामांनी छाटलं असणार," मुलगा हळूच म्हणाला. "त्यांना कुठे एवढं ठाऊक असणार? जाऊ दे ना, आई."

माळीमामांच्या हातातली झारी तशीच राहिली. "नाही हो बाई, शपथ! तुम्ही म्हणालात हात लावायचा नाही, तर मी पाण्यापलीकडे काही केलं नाही."

"मग भुतं येऊन छाटून गेली काय?" सेक्रेटरी म्हणाले. दोघेतिघे हसले. "माळी बदलायचा विचार करायला हवा."

बाईंनी एक फांदी वाकवून डोळ्यांजवळ आणली. नव्या नजरेला सगळं लख्ख दिसत होतं. काप तिरका होता, आणि कापावर पिवळा ठिपका, मसुराच्या डाळीएवढा. त्यांनी तो नखाने खरवडला. मेण होतं. दुसऱ्या फांदीवर मेण, तिसरीवरही मेण. एकही जखम उघडी सोडली नव्हती.

कात्री धरता यायला लागली तेव्हापासून त्यांनी लेकाला एकच शिस्त लावली होती: झाडाला कापलंस ना, मग मलम लावल्याशिवाय घरात यायचं नाही. मग स्वारी पिवळ्या मेणबत्तीचा तुकडा घेऊन फांदी फांदी फिरायची आणि प्रत्येक ठिपक्यावर फुंकर घालायची. परक्याने हे केलं असतं तर बाईंनी त्याच्या सात पिढ्या उद्धरल्या असत्या. इथे कुणाला बोलणार? आणि वर पठ्ठ्या माळीमामांकडे बोट दाखवून मोकळा!

"मामांना कुणी काही बोलायचं नाही," त्या म्हणाल्या. "हा त्यांचा हात नाही."

"मग कुणाचा?"

मुलाने मान खाली घातली. बूट पुसायला झाले असावेत तसा तो बुटांकडेच बघत राहिला.

"माझ्या घरातूनच चूक झाली, असं लिहा. आणि ठराव झालाय तसं करा."

सेक्रेटरींनी मान डोलावली. उद्या सकाळी माणूस करवत घेऊन येईल, असं ठरलं. कमिटी पांगली. माळीमामांनी बाईंकडे एकदा पाहिलं आणि झारी घेऊन ते नळाकडे गेले.

मायलेक दोघंच उरले.

"आई, वर चल ना. ऊन लागेल तुला. डॉक्टरांनी सांगितलंय ना, डोळे जपायला."

एवढी काळजी! बाईंना हसावं की रडावं कळेना. त्या जांभळीच्या पानांवरून हात फिरवत राहिल्या.

"ती पिवळी मेणबत्ती उरलीये का रे?"

"हो, खालच्या खणात आहे," तो बोलून गेला, आणि मग त्याने जीभ चावली.

"जपून ठेव," बाई म्हणाल्या. "उद्या बुंधा कापतील. तिथे बरंच मेण लागेल."