लहानूचा खांदेकरी

“आजबी नाई गेला ना गा चालाले?”

लहानूने खाटेवरूनच विचारले. नत्थूजींनी त्याच्या दारातल्या पायरीवर बूड टेकले आणि गुडघे चोळायला घेतले.

“गल्लीत चिखल किती आहे, पाह्यलं काय?”

“काल ऊन होतं, तं तुयं डोकं दुखून राहिलं होतं.”

नत्थूजी गुडघेच चोळत राहिले. त्यांचा सारा जन्म खड्ड्याच्या हातमागावर गेला. खड्ड्यात पाय सोडून पावड्या दाबायच्या, हाताने धोटा फेकायचा, लुगडी विणायची. मग पॉवरलूम आले, गांधीबागेच्या कापडबाजारातल्या व्यापाऱ्यांनी तोंड फिरवले, माग थांबला आणि मागाबरोबर पायही थांबले. डॉक्टरने बजावले होते, रोज चाला, नाहीतर अंथरूण धराल. दोन दिवस ते मोठ्या हौसेने चालले. तिसऱ्या दिवशी हौस फिटली. बायको कधीच गेलेली, मुलगा भिलाईच्या कारखान्यात, त्याचे येणे दिवाळीपुरते. तब्येत कमवायची ती कुणाला दाखवायला, हा त्यांचा सवाल होता.

लहानू त्यांचा बालमित्र, शेजारच्या मागावरचा. लग्न केले नाही, रक्ताचे कोणी उरले नाही. छातीच्या दुखण्याने आता खाट धरलेली. पलीकडच्या घरातल्या कांताबाई दोन वेळचे ताट आणून देत, तेवढाच आधार.

त्या वर्षी पोळ्याच्या दिवशी ताटातली पुरणपोळी बाजूला सारून लहानू म्हणाला, “नत्थू, मले खांदा कोण देईन गा?”

“काहून असं अभद्र बोलून राहिला सणाच्या दिवशी?”

“मले ना पोरगं, ना पुतण्या. चौघं तं मिळतीन, मोहल्ला काही इतका वाईट नाई. पण पुढचा खांदा तुयाच पायजे मले. अन् घाटापर्यंत बदलाचा नाई. तुले तं नळापर्यंत गेला तरी धाप लागते.”

एरवी नत्थूजींनी हसण्यावारी नेले असते. त्या दिवशी त्यांना हसू आले नाही. स्मशानघाट चांगला लांब. वाटेत गांधीबागेची गर्दी, हातगाड्या, खड्डे. अर्ध्या वाटेत आपले पाय लटपटताहेत आणि लहानूला परक्या खांद्यावर सोपवावे लागते आहे, हे चित्र काही केल्या डोळ्यांपुढून हलेना.

दुसऱ्या दिवशी उजाडताच त्यांनी बंद पडलेल्या मागाचा, कापड गुंडाळायचा जाडजूड लाकडी रूळ उपसून काढला, खांद्यावर घेतला आणि चालू लागले.

मोहल्ल्याने फुकटची मजा बघून घेतली. “कुठं विकाले नेऊन राहिले गा लाकूड?” चौकातल्या हमालांनी विचारले, एकाने तर भावही सांगून टाकला. नत्थूजींनी कुणाला दाद दिली नाही. पहिल्या दिवशी ते चौकातूनच परतले, तेही भिंत धरून.

संध्याकाळी लहानूची उलटतपासणी ठरलेली. “आज कुठवर?”

“चौकापुढच्या पिंपळापर्यंत.”

“बसला काय मधात?”

“बसलो थोडासा.”

“मंग मले अजून मरता येत नाई,” लहानू म्हणायचा आणि कूस बदलायचा.

पावसाळा सरला, दसरा झाला. पोटऱ्या घट्ट झाल्या, श्वास पुरू लागला. त्या दिवाळीत मुलगा आला नाही, आणि ते नत्थूजींच्या लक्षात आले भाऊबीज उलटून गेल्यावर. कुणीतरी आपल्या चालण्याची वाट बघत पडून आहे, एवढी एकच गोष्ट त्यांना भल्या सकाळी अंथरुणातून उठवत होती. गुडघे काय, गुडघे दुखतच होते.

मग थंडीतल्या एका सकाळी ते कुठेही न टेकता थेट घाटावर पोहोचले. रूळ खाली ठेवला, घाम पुसला. आनंद व्हायला हवा होता, पण लहानूचे ‘मले अजून मरता येत नाई’ आठवले.

“आज कुठवर?” संध्याकाळी प्रश्न आला.

“गांधीबागेत बसावं लागलं गा,” नत्थूजी खाली बघत म्हणाले.

लहानूने त्यांच्या पोटऱ्यांकडे बघितले. “मंग उद्या पुन्हा जाय.”

त्यानंतर ते रोज घाट गाठायचे आणि रोज खोटे बोलायचे. आपण पोहोचलो नाही तोवर हा निघत नाही, असा त्यांचा पोरकट हिशेब होता. ती थंडी त्यांनी अशीच खोटे बोलून लांबवली.

संक्रांत होऊन गेली. एका सकाळी ते रूळ घेऊन परतले, तर लहानूच्या दारात माणसे जमलेली. कांताबाई पदराने डोळे टिपत होत्या. नत्थूजी आत गेले, लहानूच्या कपाळावर हात ठेवला. कपाळ गार होते. मग बाहेर येऊन त्यांनी रूळ भिंतीला टेकवला, दुपट्ट्याची घडी घालून खांद्यावर ठेवली आणि दाराशी उभे राहिले.

“पुढचा खांदा माया,” त्यांनी जमलेल्यांना सांगितले. “घाटापर्यंत. कोणी बदलाचा नाई. बांबू आणाले कोण गेलं?”

माणसे एकमेकांची तोंडे बघू लागली.

तेवढ्यात गल्लीच्या तोंडाशी एक गाडी येऊन थांबली. पांढऱ्या कपड्यांतले दोघे स्ट्रेचर ढकलत आले, आत गेले आणि लहानूला त्यावर निजवून बाहेर आले. नत्थूजी पुढे झाले आणि खांदा द्यायला वाकले.

“बाजूले व्हा बाबाजी,” त्यांच्यातला एक म्हणाला. “याले चाकं आहेत.”

स्ट्रेचर गल्लीतून निघून गेले. नत्थूजी कांताबाईंकडे वळले.

“मागच्या शिमग्यातच देह मेडिकल कॉलेजले देऊन टाकला होता त्यायनं, नत्थूभाऊ,” कांताबाई म्हणाल्या. “तुमाले सांगू नोको म्हणे. सांगतलं, तं नत्थू चालाचा थांबन.”